माकड मारून माकडताप जात नाही

काजूचा हंगाम जवळ आला की दोडामार्ग, बांदा आणि पलीकडच्या, गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाविषयीचा एक लांबलचक संदेश फोनवरून फिरू लागतो. यंदा तो माझ्या मामेभावाने मला पाठवला. त्याची दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग आहे, आणि हे खरे असेल तर बागेतल्या गड्यांना तसे सांगून ठेवावे काय, असे त्याने विचारले होते. त्याने निदान विचारले. ज्या बागायतदारांनी न विचारता गड्यांना सांगितले असेल, त्यांच्या बागेत काम करणाऱ्या माणसांची मला खरोखर काळजी वाटते.

संदेशाचा सारांश असा: माकडताप माकडे पसरवतात, तेव्हा बागेतली माकडे मारली की रोग संपतो. मेलेले माकड दिसले तर सरकारी माणसांना कळवू नये, कारण ते बाग बंद करतात. गुपचूप उचलून पुरून टाकावे. माकडाने उष्टावलेले बोंडू, म्हणजे काजूचे फळ, खाल्ल्याने ताप येतो. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसवरची, गोळी आधीच घेतली तर तो होत नाही. गोचीड चिकटली तर रॉकेल लावावे. आणि शेवटी, कर्नाटकात यावर लस आहे, पण आपल्याकडे ती मुद्दाम दिली जात नाही.

माकडांपासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे (एनआयव्ही), शास्त्रज्ञ तिथे गेले तेव्हा मरणारी माकडे पाहून त्यांना प्रथम डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची (यलो फीव्हर) शंका आली होती. प्रत्यक्षात विषाणू निराळा निघाला आणि तो पसरवणारा जीव डास नसून गोचीड आहे हे सिद्ध झाले. या गोचिडीचे शास्त्रीय नाव हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा. ती आयुष्यात तीन वेळा तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पिते: पावसाळ्यानंतर पालापाचोळ्यात जन्मलेली पिल्ले उंदीर, चिचुंद्री, माकड अशा प्राण्यांवर चढतात, मधल्या अवस्थेतील, खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडी डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत दिसतात आणि माणसाला चावतात त्या मुख्यतः ह्याच; आणि पूर्ण वाढलेल्या गोचिडी गाईगुरांवर पोसल्या जातात. एका अवस्थेत शिरलेला विषाणू पुढच्या अवस्थेतही गोचिडीच्या शरीरात टिकून राहतो.

म्हणजे काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोघेही या रोगाला आपल्यासारखेच बळी पडतात. किंबहुना आपल्यापेक्षा अधिक, कारण माणसांमध्ये साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात, तर माकडे जंगलात मोठ्या संख्येने मरतात. संदेशात एवढे मात्र खरे आहे, आणि ते मान्य करावेच लागते, की आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि त्या काळात त्याचे रक्त पिणाऱ्या अनेक गोचिडींना संसर्ग होतो. परंतु यावरून माकड मारावे असे निघत नाही. प्राणी मेला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडत जाणारे शरीर सोडून खाली उतरतात आणि नव्या यजमानाची वाट पाहत तिथल्याच पाचोळ्यात राहतात. आजारी माकड बागेत मारणे म्हणजे त्याच्या अंगावरचा संसर्ग आपल्या हाताने बागेच्या जमिनीवर उतरवून घेणे होय, आणि त्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी बोंडू वेचायला वाकणार असते ती बहुधा एखादी बाई.

बेथन पर्स आणि त्यांच्या भारतीय व ब्रिटिश सहकाऱ्यांनी २०२० साली या रोगाच्या धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी तो एकदा तरी पाहावा. कर्नाटकातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या या अभ्यासात धोका सर्वाधिक आढळला तो सदाहरित जंगल आणि बागायती एकमेकांत मिसळलेल्या भूभागात, आणि जिथे देशी गुरांची संख्या जास्त आहे तिथे. जंगलाच्या कडेची बाग, बागेत चरणारी गुरे, त्याच वाटेने सरपणाला जाणारी माणसे: हे वर्णन सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोणत्याही गावाला लागू पडते. गुरांना हा आजार होत नाही, पण गोचिडींची संख्या त्यांच्यावर वाढते. तेव्हा दोषी शोधायचाच असेल तर झाडावर पाहण्याआधी आपला गोठा पाहावा लागेल. गोव्यात २०१५ साली पाळी गावात ज्यांना हा ताप आला त्यांत काजूच्या बागांत राबणारे मजूर होते, आणि पुढच्याच वर्षी तो आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला.

आता दुसरा मुद्दा, ज्याने माझा संयम सुटला. मेलेले माकड लपवा, असे सांगणारा माणूस आपल्या गावाचे काय नुकसान करतो आहे याची त्याला कल्पना नसावी. या रोगात माणसे आजारी पडण्यापूर्वी मिळणारी भरवशाची सूचना म्हणजे माकडांचे मरण, आणि म्हणूनच आरोग्य विभाग, वन विभाग आणि पशुवैद्यकीय अधिकारी माकडाच्या मृत्यूची खबर मागतात. खबर वेळेवर मिळाली तर नमुने तपासणीला जातात, त्या जागेभोवती कीटकनाशकाची भुकटी मारली जाते, लोकांना तिकडे फिरकू नका असे सांगता येते, आणि गावातल्या डॉक्टरांना येणाऱ्या प्रत्येक तापाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. खबर दडपली तर यांतले काहीच होत नाही. पहिला रुग्ण साध्या तापाचा समजून घरी पाठवला जातो आणि दुसरा, तिसरा त्याच जागी काम करत राहतो. शिवाय गुपचूप पुरायला जाणारा माणूस त्या मृत शरीराला उघड्या हातांनी उचलणार, म्हणजे गोचिडी सर्वाधिक असतील नेमक्या त्याच ठिकाणी तो जाणार. बाग काही दिवस बंद राहण्याची भीती मी समजू शकते. हंगाम तीन महिन्यांचा असतो आणि रोजंदारी बुडाली की चूल अडते. त्या नुकसानीची भरपाई मागावी, त्यासाठी ग्रामसभेत भांडावे, मी स्वतः त्या मागणीच्या बाजूने आहे. पण एका गड्याच्या जिवावर हंगाम वाचवायला सांगणारा सल्ला सल्ला म्हणून स्वीकारता येत नाही.

उष्टावलेल्या बोंडूंविषयी थोडक्यात सांगते. हा रोग फळ खाल्ल्याने होत नाही; वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांचा संबंध निपाह या वेगळ्या विषाणूशी जोडला जातो आणि इथे दोन्ही गोष्टींची खिचडी झालेली दिसते. धोका बोंडूत नसून बोंडू जिथे पडतो त्या पाचोळ्यात आहे.

लेप्टोच्या गोळीचा मुद्दा मात्र इतक्यात सोडता येत नाही, कारण ती गोळी कोकणात घरोघरी माहीत आहे. ती गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन; हे जीवाणूंवरचे औषध आहे, माकडताप विषाणूमुळे होतो, आणि विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. मग गोळीने बरे वाटले असे लोक का सांगतात? कारण या तापाची चालच फसवी आहे. बहुतेकांचा ताप एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला मिळते; परंतु काही रुग्णांमध्ये ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उसळतो, आणि या वेळी तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. गोळीवर विसंबून घरी बसलेल्या माणसाचे नेमके हे दिवस वाया जातात. येथेही एक अर्धसत्य आहे. रानात जाऊन आलेल्या माणसाचा प्रत्येक ताप माकडताप नसतो. बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हाही असू शकतो, आणि त्यावर हेच डॉक्सिसायक्लिन जीव वाचवते. भारतातील रुग्णालयांत गंभीर स्क्रब टायफसवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा अधिक गुण येतो असे दिसले. पण कोणता ताप आहे हे डॉक्टर रक्ततपासणीवरून ठरवतात, फोनवरचा संदेश ठरवू शकत नाही. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनही आपल्या मनाने घेऊ नये, कारण माकडतापात रक्तस्राव होऊ शकतो.

रॉकेल, मीठ, पेटती काडी यांनी गोचीड सुटण्याऐवजी बिथरते आणि तिची लाळ जखमेत जाण्याचा धोका वाढतो. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

लसीविषयीचा आरोप खोटा आहे, जरी कर्नाटकात लस होती हे खरे असले तरी. १९९० पासून तिथे मृत विषाणूची लस दिली जात असे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रांचा प्रभाव सुमारे ६२ टक्के आणि नंतरच्या वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के आढळला. एका मात्रेने संरक्षण मिळत नव्हते. पुढे लसीच्या गुणवत्तेविषयीच शंका निर्माण झाल्या आणि २०२२ मध्ये खुद्द कर्नाटकाने ती देणे थांबवले. जी लस आज कोणालाच मिळत नाही, ती आपल्यापासून लपवली जाते असे म्हणण्यात अर्थ नाही. नव्या लसीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत.

मामेभावाला मी कळवले ते एवढेच: गड्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट द्यावेत, आरोग्य केंद्रातून गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल आणून कामाला लागण्यापूर्वी उघड्या अंगाला लावायला सांगावे, पाचोळ्यावर बसू नये, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी आणि गोचिडी तपासाव्यात. कोणाला ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगावे की मी काजूच्या बागेत काम करतो. आणि बागेत माकड मेलेले दिसले, तर त्याला हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.