भीती जाईपर्यंत थांबू नका

सेमिनारचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. मथळा आहे, ‘स्टेजची भीती सात दिवसांत गायब’. त्यातले दावे थोडक्यात असे: माणूस मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतो. श्रोत्यांवर शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के होतो, बाकी सगळी देहबोली. बोलण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून उभं राहा. भाषण शब्दन् शब्द पाठ करा. आणि मन पूर्ण शांत झाल्याशिवाय माइक हातात घेऊ नका, कारण तुमची भीती समोरच्याला लगेच दिसते.

मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांचे सेमिनार ऐकते. हा मेसेज मनावर घेतलेली मुलं माझ्यासमोर उभी राहतात, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. मन आधी शांत करा, मग बोला, हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण नाव पुकारलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटं गार होतात. हे हुकमाने थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नसते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणाआधी काहींना ‘मी शांत आहे’ असं मोठ्याने म्हणायला लावलं होतं, तर काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ असं. ऐकणाऱ्यांना दुसऱ्या गटाची भाषणं जास्त पटली. महत्त्वाचं म्हणजे त्या गटाची भीती काही कमी झालेली नव्हती. धडधड तशीच होती, फक्त ती दाबण्यात त्यांची शक्ती खर्च झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी तिच्या सेमिनारची वेळ आली की यायची आणि म्हणायची, ‘मॅडम, अजून धडधडतंय, पुढच्या आठवड्यात करू?’ असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, धडधडू दे, तशीच ये. ती आली. हातात एकच पातळ कागद होता. हाताची थरथर बारीक होती, पण कागदाच्या टोकाला पोचेपर्यंत ती चौपट व्हायची, आणि तिची नजर सारखी त्या टोकाकडे. मी माझं लिहायचं पॅड तिच्या कागदाखाली सरकवलं. कागद स्थिर झाला. पहिलं मिनिट तिने धावत काढलं. चौथ्या स्लाइडवर आलेख आला, तो दाखवायला तिने हात उचलला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला, कारण ती आता आलेखाबद्दल बोलत होती. जागेवर बसताच तिने शेजारणीला विचारलं, ‘सगळ्यांना दिसलं ना?’ शेजारीण म्हणाली, ‘काय दिसलं?’

भीती ‘लगेच दिसते’ या दाव्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, पण अभ्यासही आहे. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की आपली घबराट लोकांना किती दिसते याचा वक्त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो. त्याहून उपयोगाचा भाग पुढे आहे. काही विद्यार्थ्यांना ही गोष्ट बोलण्याआधीच समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. म्हणजे मेसेज नेमका उलटा धडा देतो. ‘सगळ्यांना कळतंय’ ही समजूतच घबराट वाढवते.

आता पाठांतर. हा सल्ला मुलांना सुरक्षित वाटतो, हे मी समजू शकते. पण पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला अडकवलेलं असतं. मधला एक शब्द निसटला की मुलगा छताकडे बघतो आणि पुन्हा ‘आदरणीय’पासून सुरू करतो. पाठ करायचंच तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक करा. मधे फक्त मुद्द्यांचे शब्द लिहून ठेवा.

मात्र सराव कमी करा असं मी म्हणत नाही, उलट वाढवा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं की बघणारे समोर असले की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं आणि नवं काम बिघडतं. मुलं खोलीत बसून स्लाइड मनात वाचतात आणि त्याला सराव म्हणतात. उभं राहून, आवाज काढून, कोणासमोर तरी बोलणं हे काम त्यांनी तोवर एकदाही केलेलं नसतं. ते नेमकं सगळ्या वर्गासमोर पहिल्यांदा होतं. आधी एका मैत्रिणीसमोर बोला, मग तिघांसमोर, मग जमलं तर त्याच वर्गात. दरवेळी शब्द थोडे वेगळे आले तर उत्तम, याचा अर्थ मुद्दा तुमचा झाला आहे.

७ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, आणि स्वर व चेहरा शब्दाशी विसंगत असेल तर ऐकणारा बोलणाऱ्याची भावना कशावरून ओळखतो, एवढाच प्रश्न होता. हा आकडा सगळ्या संवादाला लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. तरी तो फिरतो, आणि त्यापायी मुलं आरशासमोर हातवारे बसवतात. मग मी विचारते, ‘या आलेखाच्या उभ्या अक्षावर काय आहे?’ आणि समोर शांतता. तिथे सुटणारा घाम स्टेजचा नसतो, विषय कच्चा असल्याचा असतो. विषय पक्का असला तरी भीती वाटते, पण गडबडल्यावर परत यायला जागा असते.

कमरेवर हात ठेवून उभं राहण्याचा सल्ला २०१० च्या एका अभ्यासावरून पसरला. अंग पसरून ऐसपैस बसलं-उभं राहिलं की हार्मोन्स बदलतात, असं त्यात म्हटलं होतं. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला तेव्हा हार्मोन्समधले बदल दिसले नाहीत, आणि मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, त्यावर विसंबू नका.

मरणाचा दावा १९७३ च्या एका अमेरिकन पाहणीतला. यादीतल्या कशाकशाची भीती वाटते, असा प्रश्न होता. ४१ टक्क्यांनी भाषणावर खूण केली, १९ टक्क्यांनी मृत्यूवर. एखाद्या गोष्टीला जास्त लोक घाबरतात, म्हणजे ती भीती जास्त मोठी असते असं होत नाही. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांना ‘सगळ्यात मोठी भीती एकच निवडा’ असं सांगितलं तेव्हा मृत्यूच पुढे होता.

राहिले ते ‘सात दिवस’. काही मुलांना बोलायची वेळ येईल या भीतीने आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, ती वर्ग बुडवतात, विषय सोडतात. त्यांनी समुपदेशकाकडे जावं. भीतीला थोडं थोडं सामोरं जात करण्याची उपचारपद्धती आहे आणि ती उपयोगी पडते. आठव्या दिवशीही भीती गेली नाही म्हणून आपल्यातच खोट आहे, असं यातल्या कोणी समजावं, हे मला सहन होत नाही.

या सत्रापासून मी पहिली फेरी बदलली आहे. जागेवरच उभं राहून एक मिनिट बोलायचं, आपल्या विषयातली न कळलेली एक गोष्ट सांगायची, गुण नाहीत. सोमवारी सुरू करतोय. पॅड टेबलावर ठेवलेलं असेल.