‘मॉडेल हुशार आहे, मग वर्णन कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी एआय एजंट तयार करणाऱ्या आपल्या भागातील तरुणांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. एजंटमागचे भाषा-मॉडेल आता पुरेसे हुशार झाले असल्यामुळे टूलला, म्हणजे माहिती आणण्यासाठी किंवा हिशोबासाठी ते जो प्रोग्राम बोलावते त्याला, नीट नाव आणि एका ओळीचे वर्णन दिले की भागते, चुकलेच तर ते स्वतःला सुधारून घेते आणि लांब वर्णनाने टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) वाया जातात, असे त्यात म्हटले आहे. यवतमाळ, वर्धा, वाशीमच्या खेड्यांत हे एजंट विक्री आणि पेरणीबद्दल उत्तरे देणार असल्यामुळे हा संदेश तसाच पुढे जाऊ देणे मला योग्य वाटत नाही.

पहिला दावा नावाचा. टूलमागचा कोड मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासमोर टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा, एवढेच असते. ‘कापूस भाव’ हे नाव वाचायला स्वच्छ आहे, परंतु शेतकरी जेव्हा “आज कापसाले काय भाव हाये?” असे विचारतो, तेव्हा त्याला बाजार समितीतील लिलावाचा दर हवा असेल, सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) हमीभाव हवा असेल किंवा खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन, व्यापारी देतो तो दर पडताळायचा असेल. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7710 रुपये होता, तोही ओलाव्याच्या अटीवर: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून ओला कापूस परत. टूल यांपैकी नेमके काय देते, हे नावावरून मॉडेलने कसे ओळखावे?

त्याच टूलचे वर्णन असे लिहिता येते: ‘दिलेल्या बाजार समितीतील कापसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रुपये प्रति क्विंटल देते. हा लिलावातील दर आहे. हमीभावासाठी हे टूल वापरू नये. त्या दिवशी लिलाव झाला नसेल तर शेवटच्या लिलावाचा दर तारखेसह देते. ती तारीख शेतकऱ्याला सांगावी. खेडा खरेदीचे दर यात नाहीत.’ या चार-पाच वाक्यांत टूल काय करते, काय करत नाही आणि मिळालेले उत्तर कसे वाचायचे, हे तिन्ही आले आहे. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असे सुचवले आहे. त्यांच्याच वेब शोधाच्या टूलमध्ये मॉडेल प्रत्येक शोधाला विनाकारण ‘2025’ जोडत होते आणि ते वळण टूलचे वर्णन सुधारून दुरुस्त करण्यात आले. मॉडेल बनवणाऱ्यांना जे करावे लागले, ते आपण टाळू शकू असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

मॉडेल स्वतःला सुधारते, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. टूलने स्पष्ट त्रुटी परत केली तर मॉडेल पुन्हा प्रयत्न करते. पण चुकीची माहिती घेऊनही टूल व्यवस्थित उत्तर देत असेल, तर सुधारायचे आहे हे त्याला कळणार कसे? सोयाबीनच्या बियाण्याचा हिशोब करणारे टूल घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तर बोलताना शेतकरी एकरच म्हणतो. ‘क्षेत्र’ एवढेच नाव असलेल्या रकान्यात मॉडेलने 5 भरले आणि टूलने ते हेक्टर मानले, तर हेक्टरी 75 किलोच्या हिशोबाने 375 किलो बियाणे निघते. पाच एकरांना प्रत्यक्षात साधारण 150 किलो पुरते. कुठेही त्रुटी आली नाही, आकडा ठाम आहे, आणि दुप्पट नव्हे, अडीच पट बियाण्याचे पैसे उधारीवर उचलले गेले. रकान्याला ‘क्षेत्र हेक्टरमध्ये’ असे नाव देऊन ‘शेतकऱ्याने एकर सांगितल्यास 2.47 ने भागावे’ एवढे वाक्य जोडले असते तर हे टळले असते. गावांच्या नावांचेही तसेच. कारंजा वाशीम जिल्ह्यातही आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. पांढरकवड्याचा तालुका कागदोपत्री केळापूर आहे. हवामानाच्या टूलला जिल्ह्याचे नाव सक्तीचे केले नाही, तर फवारणीच्या दिवशी दुसऱ्याच कारंज्याचा पाऊस सांगितला जाईल.

टोकनांच्या मुद्द्यात तथ्य आहे. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर वाचू शकते, त्यात टूलची वर्णने जागा व्यापतात, आणि देवनागरी मजकुराला सहसा रोमनपेक्षा जास्त टोकन लागतात. परंतु त्यावरचा उपाय वर्णन छाटणे हा नाही. जवळपास तेच काम करणारी टूल एकत्र करावीत, कामाशी संबंध नसलेली काढून टाकावीत आणि दर वेळी तोच राहणारा मजकूर कॅशमध्ये (पुन्हा वापरायच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवावा. पाल्हाळाची बाजू मी घेत नाही.

या संदेशात गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वर्णन लिहिणे हे प्रोग्रामरचे काम. कापसाच्या गाडीचा ओलावा मोजणारा, बियाण्याच्या पावत्या फाडणारा आणि कोणता शेतकरी कोणत्या शब्दात काय विचारतो हे रोज ऐकणारा माणूसही वर्णन लिहिताना शेजारी बसलेला असायला हवा. त्याच्याकडून खरे प्रश्न त्याच्याच वऱ्हाडीत लिहून घ्यावेत, ते एजंटला विचारावेत, आणि उत्तर गोड आले की नाही हे पाहण्याआधी कोणते टूल कोणत्या आकड्यांसह बोलावले गेले ते नोंदीत तपासावे. जिथे चुकीचे टूल निवडले गेले किंवा रकान्यात चुकीचे एकक गेले, तिथले वर्णन त्याच माणसासमोर पुन्हा लिहावे आणि तोच प्रश्न परत विचारावा.