आरओ घेण्याआधी आपल्या टाकीत डोकावून बघा

गेल्या महिन्यात आमच्या ओट्याखाली पाण्याचा फिल्टर बसला. त्या निमित्तानं जे काही पाहिलं ते ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींना सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरोघरी भीती घालून आरओ विकणं चाललंय, आणि त्यात सगळ्यात आधी सापडतात घरातली म्हातारी माणसं.

दुपारची वेळ. मी ऑफिसात, घरी आई (माझ्या सासूबाई) एकट्याच. फिल्टर विकणारा एक मुलगा आला, बोलायला अगदी गोड. त्यानं दोन पेले मागून घेतले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबून क्षार काढून टाकलेलं. मग सळ्या असलेलं एक यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवून बटण दाबलं. बघता बघता आमच्या पाण्यावर तपकिरी-हिरवट साका आला, त्याचं पाणी मात्र नितळ. "अम्माजी, यही पी रहे हैं आप लोग।" संध्याकाळी मी आले तर माठ मोरीत पालथा घातलेला, आणि आई दुकानातून मागवलेल्या बाटलीतलं पाणी घोट घोट पीत बसलेल्या. मला म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं मी हेच पाणी पोरांना पाजलं गं." त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका राग आला होता.

कारण तो साका पाण्यातला नव्हताच. त्या यंत्राच्या सळ्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या असतात. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंडाची सळई झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरतेच उरतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच नितळ राहतं. पण हे तोंडी सांगून आईंना पटलं नसतं. रविवारी शेजारून आरओचं पाणी आणलं, नऊ व्होल्टची बॅटरी घेतली, दोन लोखंडी खिळे. आधी नुसत्या पाण्यात खिळे धरले, काही झालं नाही. मग आईंनाच त्यात चिमूट-दोन चिमटी मीठ टाकायला सांगितलं. एका खिळ्याभोवती बारीक बुडबुडे सुटले आणि थोड्या वेळात तेच 'शुद्ध' पाणी शेवाळलेल्या हौदासारखं दिसायला लागलं. आई बराच वेळ पेल्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्यानं मला नुसतं भेडसावलं," एवढंच म्हणाल्या.

भीती घालून वस्तू विकणं मला पाप वाटतं. पाणी विकताना तर जास्तच.

तरी फिल्टर नकोच, असं मी म्हणत नाही. आधी आपलं पाणी ओळखा, एवढंच म्हणणं. आपल्या शहराचं पाणी मुख्यतः तिघऱ्याचं. सांक नदीवरचं हे धरण १९१६ चं, माधवराव शिंदे महाराजांच्या काळातलं. इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्याला बसवलेली आपोआप उघडणारी दारं पुढे इथेही बसली. ते पाणी मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरीन घालून आपल्याकडे येतं. मी टीडीएसचा, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा मीटर आणून नळाखाली धरला, आकडा आला २१० च्या आसपास. बोरिंगचं पाणी मोजलं, ११०० च्या वर. आणि स्वयंपाकघरातल्या नळाला सहाशे! कारण गच्चीवरच्या एकाच टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं. नळ उन्हाळ्यात एक दिवसाआड येतो, टाकी अर्धी राहिली की आम्ही बोरिंग चालू करतो. त्या मुलानं यंत्र बुडवलं ते ह्या मिसळलेल्या पाण्यात, आणि त्याच जोरावर आरओ गळ्यात बांधायला निघाला होता.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीन लिटर मोरीत सोडतो. आमच्या घरी पिण्या-शिजवण्याला रोज पंधरा लिटर लागतं, म्हणजे पंचेचाळीस लिटर वाया. पाऊस कमी झाला की ज्या तिघऱ्यासाठी ककेटो आणि पेहसारीच्या धरणांतून पाणी वळवावं लागतं, त्याचं पाणी असं सोडून द्यायचं? माझा हात धजला नाही.

आता जे खरं घाबरण्यासारखं होतं ते सांगते. टीडीएसचा मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतूंबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. त्यासाठी एचटूएसच्या, म्हणजे जंतू तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस घरातच ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचा शिरकाव असण्याची शक्यता धरायची. मी दोन बाटल्या भरून देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या, एक थेट नळाची, एक गच्चीवरच्या टाकीची. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची बाटली शाईसारखी काळी झाली होती. नळाची शेवटपर्यंत तशीच राहिली. वर जाऊन पाहिलं तर टाकीचं झाकण एका बाजूनं तडकलेलं, आत कबुतराची पिसं, तळाशी बोटभर गाळ. दोष महापालिकेच्या पाण्याचा नव्हता, आमच्या टाकीचा होता. क्लोरीनसुद्धा साठवलेल्या पाण्यातून उडत जातं, मग अशा टाकीत जंतूंना रान मोकळं. दहा हजारांची मशीन लावून हे झाकलं गेलं असतं, आणि अंघोळीला, चूळ भरायला तेच पाणी चालू राहिलं असतं.

म्हणून आधी टाकी उपसून घासली, ब्लीचिंगचं पाणी फिरवून धुतली, झाकण नवं घातलं. नळाच्या पाण्यासाठी दोनशे लिटरची वेगळी टाकी घेतली आणि तिची लाइन सरळ स्वयंपाकघरात उतरवली. मगच फिल्टर. ओट्याखाली ओळीनं गाळ धरणारं कार्ट्रिज, कार्बन, यूएफ (अतिबारीक छिद्रांचा पडदा) आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा). यूएफ बॅक्टेरिया अडवतो, त्यातूनही निसटणाऱ्या विषाणूंसाठी यूव्ही. क्षार आहेत तसेच राहतात, चव आपल्या पाण्याचीच.

बसवायला प्लंबर भय्याला अर्धा दिवस लागला. वेगळ्या नळासाठी ग्रॅनाइटला भोक पाडायचं होतं. डायमंड बिट कोरडा चालवला तर जळतो आणि दगडही तडकतो. मी कणकेचा गोळा मळून दिला, त्यानं त्याची गोल पाळ केली, आत पाणी ओतलं आणि बिट हळूहळू फिरवला. राखाडी चिखल वर येत राहिला, दगडाला एक रेघ गेली नाही. बारीक नळी ब्लेडनं सरळ कापायला लावा, तिरपी कापली तर पुश फिटिंगमधून ठिबकते. यूव्हीचा प्लग सिंकच्या ट्रॅपखाली, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपाखाली, कधी घेऊ नका, भिंतीवर उंचावर घ्या. रात्रभर कपाटात कोरडा पेपर पसरून ठेवा, थेंब पडला तर सकाळी कळतो. आणि सुरुवातीचं पाणी काळपट येईल, ती कार्बनची भुकटी असते, नितळ येईपर्यंत सोडून द्या. कार्ट्रिज बदलायची तारीख मी कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहिलीय, कारण डोळ्याआड गेलेली वस्तू वर्षभर आठवत नाही.

ज्यांच्या कॉलनीत पाइपलाइनच नाही, फक्त खारं बोरिंग आहे, किंवा तपासणीत फ्लोराइड, नायट्रेट निघालंय, त्यांनी आरओच घ्यावा. तिथे माझ्या फिल्टरचा उपयोग नाही. सुटणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं. पण तपासणी एखाद्या प्रयोगशाळेत करून घ्या, दारात आलेल्या माणसाच्या यंत्रावर नाही.

आमचा माठ परत जागेवर आलाय. रोज सकाळी आई नव्या नळाखाली कळशी धरतात, माठ भरतात, वर ओलं फडकं गुंडाळतात. एचटूएसच्या चार बाटल्या माझ्याकडे उरल्यात. आपल्या लष्कर भागात कोणाच्या घरी वयस्कर माणसं एकटी असतील तर कळवा, मी स्वतः येऊन टाकीचं पाणी भरून ठेवीन.