गाव कशाला म्हणायचं हे ठरवताना बायका मोजतच नाहीत

काल लेकीचा ॲडमिशनचा फॉर्म भरत होतो, त्यात एक रकाना, रहिवास ग्रामीण का शहरी. अडलो राव तिथंच. साताऱ्याला चिकटून गाव आमचं, घरपट्टी ग्रामपंचायतीला भरतो, पण पलीकडं चार मजली अपार्टमेंट आणि त्याच्या कंपाउंडला लागून ऊस. पुण्याचा मेव्हणा आला की म्हणतो गावाकडं आल्यासारखं वाटतच नाय, आणि नळाचं पाणी गेलं की हाच म्हणतो, शेवटी खेडंच हे!

मग जरा शोधाशोध केली. जनगणनेत जे शहरी नाही ते ग्रामीण, संपला विषय. नगरपालिका, नगरपंचायत असली की शहर, वस्ती किती का असेना. म्हणून एवढीशी पाचगणी शहर, आणि आष्ट्यात हळद लावणारा शेतकरीपण कागदावर शहरी. साताऱ्याजवळच्या शाहूपुरीची माणसं तर 2020 च्या हद्दवाढीत घरबसल्या शहरात गेली.

पण खरी गंमत शहराच्या दुसऱ्या प्रकारात आहे. वस्ती किमान 5,000, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरचे, एवढं जमलं की कारभार ग्रामपंचायतीचाच पण जनगणनेत शहर. 2001 ला देशात अशी 1,362 गावं होती, 2011 ला जवळजवळ 3,900.

पुरुषांपैकी हां! परत वाचलं मी ते. आमच्या आळीतले निम्मे गडी एमआयडीसीत, कोण वडाप चालवतो, कोण पुण्यात. मग रान कोण बघतंय? भांगलण, वैरण, धारा, सगळं बायकांवर. म्हणजे गड्यानं रान सोडलं की गाव शहर झालं, बाई अजून खुरपं घेऊन वाकलीय त्याचा हिशोबच नाही. मला तरी हे पटत नाय. आमचं गाव गाव राहिलंय ते या बायकांमुळं, ग्रामपंचायतीच्या बोर्डामुळं नाही.

फॉर्मात ग्रामीण टाकलं शेवटी.

आणि एक कबूल करतो. 2011 ला गुरुजी मोजणीला आले तेव्हा बायको काय करते विचारलं, मी बिनधास्त सांगितलं, काय नाय, घरीच असते. ती तेव्हा रानात हरभरा काढत होती. खरं सांगितलं असतं तरी या 75 टक्क्यांत ती धरली नसतीच म्हणा.