आंब्यावरचा अनुस्वार

मागच्या एप्रिलमध्ये ओळखीच्या एका बागायतदारासाठी बॅनर केला होता. ‘देवगड हापूस आंबा’. अक्षर उंच, अरुंद, कडा खाल्लेल्या, अंगावर शाई उडाल्यासारखे ठिपके. स्क्रीनवर मला फार आवडलं. फ्लेक्स लागल्यावर रस्त्याच्या पलीकडून वाचलं तर ‘आबा’! अनुस्वार जागेवरच होता, पण आजूबाजूच्या पन्नास ठिपक्यांत हरवलेला. तेव्हापासून या ग्रंज कंडेन्स्ड, म्हणजे मुद्दाम झिजवल्यासारख्या दिसणाऱ्या अरुंद फॉन्टबद्दल लिहायचं मनात होतं.

अरुंद अक्षर मला मनापासून आवडतं. ते फोफावलं अमेरिकेतल्या पोस्टरांत. १८२८ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी टाइपाचा कॅटलॉग काढला आणि शिशाला न झेपणारी मोठी अक्षरं छापखान्यांना मिळू लागली. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द मात्र लांबून दिसायला हवा. मग अक्षर उंच करायचं आणि अंग चोरून उभं करायचं. वापरून वापरून लाकूड झिजायचं, कोपरे दबायचे, शाई सगळीकडे सारखी बसायची नाही. प्रत्येक खिळ्याची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षराची, झीज वेगळी, कारण प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. आजच्या फॉन्टमध्ये तीन ‘क’ टाइप करा, तिन्हींवर तोच ओरखडा त्याच जागी. डोळ्याला ही चोरी लगेच कळते. चांगल्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि ती आपोआप बदलतात. आपल्याकडे एवढी मेहनत क्वचितच दिसते.

देवनागरीत तर प्रश्न आणखी खोल आहे. रोमन कॅपिटल सगळी एका उंचीची, दाटीवाटीने उभी केली की भिंत तयार. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. टेको किंवा खंड हे देवनागरी फॉन्ट पाहा, हे सगळं सांभाळून अक्षर अरुंद करता येतं, पण ते मुळातच तसं काढावं लागतं. साधा फॉन्ट रुंदीत ६० टक्क्यांवर दाबला की काना काडीसारखा होतो आणि शिरोरेघ जाडच राहते. त्यावर ओरखडे! घ आणि ध, म आणि भ ओळखताना आपण शिरोरेघेतल्या फटीचा केवढा आधार घेतो. तिथेच पोपडे काढले तर वाचणाऱ्याने काय धरून वाचायचं?

शिवजयंतीच्या बॅनरवर हीच अक्षरं दिसली की मला वाईट वाटतं. ते ठिपके छापखान्याच्या शाईचे आहेत, आणि शिवकाळातला आपला कारभार बोरूने, मोडीत लिहिलेला. जुनं दाखवायचंच तर रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरचं ‘सेवेचे ठायी तत्पर’ जाऊन पाहा. दगडातलं अक्षर झिजतं तेव्हा कडेनं गोल होत जातं, त्याच्यावर शिंतोडे उडत नाहीत.

हा फॉन्ट वापरूच नये असं मी म्हणत नाही. नाटकाच्या पोस्टरवर एकच मोठा शब्द असेल, टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग असेल, तर खडबडीत अक्षराला जी ऊब येते ती गुळगुळीत अक्षराला येत नाही. फक्त बारीक ठिपके काढून टाका, ते छपाईच्या जाळीवर टिकत नाहीत. रेडियम कटिंगला, म्हणजे मशीनवर स्टिकर कापायला, तर ही फाइल देऊच नका, हजारो पॉइंटवर ब्लेड अडकत बसते. मी आता शब्द आधी स्वच्छ लावतो, लेझर प्रिंट काढतो, पॉलिश पेपरने हाताने घासतो आणि स्कॅन करतो. अनुस्वार आणि शिरोरेघेला हात लावत नाही. तासभर जास्त जातो. यंदा आंब्याचा बॅनर तसाच केला, झीज फक्त अक्षरांच्या खालच्या अर्ध्यात, आणि पलीकडून ‘आंबा’ स्वच्छ वाचता आला.

एक विनंती. तुमच्या गावात बंद पडलेला एखादा ट्रेडल (पायाने चालवायच्या यंत्राचा) छापखाना असेल आणि तिथे देवनागरीचे लाकडी खिळे पडून असतील, तर ते चुलीत जाण्याआधी मला मेसेज करा. मी शाई आणि कागद घेऊन येतो. त्या खिळ्यांचे ठसे घ्यायचे आहेत, एकेका अक्षराचे तीन-चार.