गुहेतला चमत्कार आणि नंतरची सोळा वर्षे

सोलापुरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. अमेरिकन गायक जॉनी कॅश नास्तिक होता. नशेच्या गोळ्यांच्या व्यसनाला कंटाळून १९६७ साली तो मरण्यासाठी टेनेसीतील निकाजॅक गुहेत शिरला, तिथे त्याला देव भेटला आणि पुन्हा त्याने गोळीला हात लावला नाही. म्हणून व्यसनी माणसाला दवाखाना नव्हे, प्रार्थना हवी, असे त्या संदेशाचे सार आहे.

कॅश नास्तिक कधीच नव्हता. आर्कान्सामधील बॅप्टिस्ट घरात वाढलेल्या या मुलाने बाराव्या वर्षीच प्रभूचा स्वीकार केला होता, आणि १९५९ साली त्याची भक्तिगीतांची तबकडीही निघाली होती. १९६५ साली टेक्सासमधील एल पासो येथे नशेच्या हजाराहून अधिक गोळ्यांसह पकडला गेला तो हाच श्रद्धावान माणूस. श्रद्धा आणि व्यसन एकाच देहात वर्षानुवर्षे नांदू शकतात, ही अवघड गोष्ट संदेशकर्त्याने सोयीस्कर गाळली आहे.

गुहेच्या प्रसंगाला साक्षीदार एकटा कॅशच. त्याच वर्षी तिथे धरण पूर्ण होत होते, त्याच्या पाण्याने गुहेचे तोंड अंशतः बुडाले, आणि म्हणून चरित्रकार रॉबर्ट हिलबर्न यांनी या हकिकतीवर शंका घेतली आहे. अर्थात कोणाच्या अंतर्यामी काय घडले याचा पंचनामा करता येत नाही, आणि मला तो करायचाही नाही.

त्यानंतर काय घडले, हे मात्र कॅशने स्वतःच सांगून ठेवले आहे. गोळ्या सुटताना त्याच्यावर देखरेख ठेवली ती नॅट विन्स्टन या मानसोपचारतज्ज्ञाने, आणि घरात पहारा दिला जून कार्टर या त्याच्या भावी पत्नीने व तिच्या आईवडिलांनी. तरीही व्यसन उलटले. १९८३ साली त्याला बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावे लागले. या सर्व काळात, येशूच्या जीवनावर चित्रपट काढतानाही, त्याची श्रद्धा कायम होती.

दवाखाना टाळण्याचा सल्ला तर सर्वांत घातक आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अशा घरी पाळकसाहेबांनी प्रार्थना जरूर करावी. मात्र रुग्णाला सिव्हिलमध्ये नेण्यासाठी रिक्षा त्याआधी बोलवावी.