स्टेफीची २२ विजेतेपदं आणि हॅम्बुर्ग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टेनिसपटू स्टेफी ग्राफवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस हिच्यावर जर्मनीतल्या हॅम्बुर्गला सामना चालू असताना चाकूहल्ला झाला नसता तर स्टेफीला निम्मी ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) मिळालीच नसती, आणि मी लेखात हॅम्बुर्गचं नावही घेतलं नाही, असं तुम्ही लिहिलंत.

दुसरी गोष्ट सोळा आणे खरी. १९८८ च्या गोल्डन स्लॅममध्ये (एकाच वर्षी चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण) मी इतकी रमले की हल्ल्याचा दिवस, ३० एप्रिल १९९३, राहूनच गेला. राहायला नको होता. जगातली पहिल्या क्रमांकाची, अवघ्या १९ वर्षांची मुलगी दोन गेमच्या मधे खुर्चीत बसलेली, आणि मागून येऊन एक माणूस तिच्या पाठीत सुरी खुपसतो. का, तर त्याला स्टेफी पुन्हा पहिल्या क्रमांकावर हवी होती. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. मोनिका त्यानंतर जर्मनीत कधीच खेळली नाही. स्टेफीची चाहती म्हणून हे लिहिताना आजही हात थांबतो.

पण 'निम्मी' पटत नाही. २२ पैकी ११ त्या दिवसाआधीच स्टेफीच्या नावावर होती. हल्ल्यानंतर मोनिका खेळत नसताना तिने ६ जिंकली, मोनिका परतल्यावर ५. त्या सहांबद्दल छातीठोकपणे कोण सांगणार? १९९१ पासून हल्ल्यापर्यंतच्या ९ ग्रँड स्लॅमपैकी ७ मोनिकाची होती. पॅरिसला तर ती सलग तीनदा जिंकली होती, त्यामुळे १९९३ चं फ्रेंच ओपनही बहुधा तिचंच होतं, हे मी मान्य करते. विम्बल्डनचं मात्र नाही. उरलेली दोन तिथलीच, दोन्ही स्टेफीची. १९९२ च्या अंतिम सामन्यात तिने मोनिकाला ६-२, ६-१ असं हरवलं. विम्बल्डनच्या गवतावर स्टेफीचा बॅकहँड स्लाइस (उलट्या हाताने चेंडू कापून मारलेला फटका) टप्पा पडल्यावर उसळायचाच नाही, नुसता सरपटत जायचा. दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारणाऱ्या मोनिकाला प्रत्येक चेंडूसाठी खाली वाकावं लागायचं.

आणि १९९५ ची यूएस ओपन फायनल जमलं तर पूर्ण बघा. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ अशी बरोबरी झाल्यावर सेट ठरवणारा गेम) मोनिकाला वाटलं आपली सर्व्हिस बिनतोड गेली, सेट आपला. चेंडू बाहेर दिला गेला आणि सेट स्टेफीला मिळाला. दुसऱ्यात मोनिकाने तिला ६-० असं धुतलं. तेव्हा स्टेफीचे वडील करचुकवेगिरीच्या आरोपाखाली कोठडीत होते, पाठदुखी तर नेहमीचीच. तरीही तिसरा सेट तिने ६-३ असा काढला, आणि मग दोघींनी नेटपाशी एकमेकींना मिठी मारली. समोर मोनिका असताना मिळवलेलं हे विजेतेपद तुम्ही कुठल्या निम्म्यात धरता?

मूळ लेखात आज रात्री हॅम्बुर्गचा परिच्छेद घालते आहे. मोनिकावर स्वतंत्र लेखही लिहिणार आहे. सुरुवात १९९६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून करेन, तिच्या नवव्या आणि शेवटच्या ग्रँड स्लॅमपासून.